कळपातला नमुना : वराहरोगांवरील पाळतीचा इतिहास

३ मे २०२० रोजी आसामचे पशुसंवर्धनमंत्री अतुल बोरा यांनी जाहीर केले की, राज्यातील डुकरांचा बळी घेणारा रोग हा आफ्रिकन स्वाइन फीवर असून भारतात तो प्रथमच आढळला आहे. तोवर सात जिल्ह्यांतील ३०६ गावांत सुमारे अडीच हजार डुकरे दगावली होती. देशात करोनाची टाळेबंदी चालू होती आणि साऱ्यांचे लक्ष माणसांच्या घशातून घेतलेल्या नमुन्यांकडे लागले होते. त्याच काळात आसामातील डुकरांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत पोहोचले होते. मंत्र्यांची घोषणा त्या नमुन्यांच्या आधारावर झाली.

अडीच हजार हा आकडा आणि ‘प्रथमच’ हा शब्द शेजारी ठेवले की एक प्रश्न उभा राहतो. रोगाचे नाव कळण्याआधी इतकी जनावरे का मरावी लागली? काही उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे, काही गुवाहाटी आणि भोपाळ यांमधील सुमारे दोन हजार किलोमीटरांत आहे. परंतु मोठा भाग एका जुन्या आणि फारशा न सांगितल्या गेलेल्या इतिहासात सापडतो : आजारी वा निरोगी जनावराच्या अंगातून नमुना कोणी घ्यायचा, कोणत्या जनावराचा, केव्हा, आणि त्याला नेमका कोणता प्रश्न विचारायचा, याचा इतिहास.

मुळात डुकराचे रक्त काढणे सोपे नाही. गाय-बैलाच्या गळ्याला दोरी आवळली की मानेची शीर बोटाला लागते. डुकराची मान आखूड, कातडी जाड आणि तिच्याखाली चरबीचा थर; शीर दिसत नाही आणि चाचपताही येत नाही. वाढलेल्या डुकराच्या वरच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे, एक माणूस फास अडकवतो आणि ताणून धरतो. डुक्कर स्वभावतःच मागे ओढते व त्या ओढीनेच जागच्या जागी खिळून राहते. दुसरा माणूस छातीच्या हाडाच्या पुढील खळगीत लांब सुई घालून केवळ अंदाजाने मोठी शीर गाठतो. सुई उजव्या बाजूने घालण्याची पद्धत आहे, कारण हृदयाकडे आणि श्वासपटलाकडे जाणाऱ्या नसांना इजा होण्याचा धोका त्या बाजूला कमी असतो. हे सारे अर्ध्या मिनिटात उरकावे लागते, कानठळ्या बसवणाऱ्या किंकाळ्यांत. मग रक्त दोन नळ्यांत जाते. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए असते. त्या रक्तात विषाणू शोधतात. लाल बुचाच्या नळीतले रक्त गोठू देतात आणि वर सुटणाऱ्या रक्तजलात प्रतिपिंडे शोधतात. या दोन नळ्या दोन वेगळे प्रश्न विचारतात. पहिलीचा प्रश्न असतो, आज या जनावराच्या अंगात विषाणू आहे काय? दुसरीचा प्रश्न, पूर्वी कधी तो येऊन गेला काय? पुढे जे घडले त्यातला बराचसा घोटाळा या दोन प्रश्नांच्या गल्लतीतून किंवा तिसराच प्रश्न न सुचल्यामुळे झाला.

भारतात जनावरांच्या रोगांचा प्रयोगशाळेत शोध घेण्याची सुरुवात पुण्यात झाली. १८८९ मध्ये तेथे इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख झाले. संसर्गजन्य रोगांवर गजबजलेल्या शहरात काम करणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये मुक्तेश्वरला येऊन गेले, जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२७ मध्ये बुळकांडीवरील शेळीच्या ऊतींतून केलेली लस तेथेच सिद्ध झाली. संस्थेचे लक्ष होते ते नांगर ओढणाऱ्या बैलावर आणि लष्कराच्या घोड्यावर. डुक्कर कोणाच्याच हिशेबात नव्हते. ते पाळणारे लोक समाजाच्या कडेला होते, त्याचे मांस बहुसंख्यांच्या ताटात नव्हते आणि त्याच्यावर महसूल अवलंबून नव्हता. ज्या प्राण्याची गणती राज्यकर्त्यांच्या लेखी महत्त्वाची नसते, त्याच्या मरणाचीही नोंद होत नाही. ही उपेक्षा स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे टिकली.

डुकरांच्या रोगावर पहिले मोठे शास्त्रीय काम झाले ते अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकात तेथील मक्याच्या पट्ट्यात हॉग कॉलरा नावाची साथ कळपच्या कळप साफ करत होती. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी पशुविभागात डॅनियल सॅल्मन आणि थिओबाल्ड स्मिथ यांनी मेलेल्या डुकरांच्या अवयवांतून एक जीवाणू वेगळा केला आणि तोच या रोगाचे कारण असल्याचे मांडले. जीवाणू खरा होता आणि आजारी डुकरांत वारंवार सापडतही होता. त्यावरून त्यास ‘हॉग कॉलरा बॅसिलस’ असे नावही मिळाले. पण १९०३ मध्ये त्याच विभागातील एमिल द श्वाइनिट्झ आणि मॅरियन डॉर्सेट यांनी आजारी डुकराचे द्रव जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळले आणि गाळलेल्या, जीवाणूविरहित द्रवानेही डुकरे तशीच मरतात हे दाखवून दिले. खरे कारण गाळणीतून पार होणारा विषाणू होता. जीवाणू हा दुबळ्या झालेल्या शरीरात शिरलेला दुय्यम पाहुणा होता. तरीही सॅल्मन यांचे नाव त्या जीवाणूकुळाला कायमचे चिकटले. अन्नविषबाधेच्या बातम्यांत दिसणारा ‘साल्मोनेला’ तो हाच. नमुना चोख होता, काम काटेकोर होते आणि तरी सुमारे अठरा वर्षे उत्तर चुकीचे राहिले, कारण सूक्ष्मदर्शकात जे दिसते त्यापलीकडे काही असू शकते हा प्रश्नच विचारला गेला नव्हता.

त्या रोगाला आज क्लासिकल स्वाइन फीवर म्हणतात. त्याच्याशी नावापुरतेच नाते असलेला दुसरा रोग पूर्व आफ्रिकेत उघडकीस आला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केनियात आणलेली डुकरे ताप येऊन, कान-पोट लालनिळे होऊन पटापट मरत. रॉबर्ट युस्टेस माँटगोमेरी यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले की जुन्या स्वाइन फीवरविरुद्ध प्रतिकारशक्ती असलेली डुकरेही या रोगाने मरतात. म्हणजे हा रोग निराळा. जंगलातील वॉर्टहॉग हे रानडुक्कर मात्र त्याच विषाणूसह निवांत जगत होते. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू मोठा, दुपदरी डीएनएचा. क्लासिकलचा लहान, आरएनएचा. कुळ वेगळे, गुणधर्म वेगळे. पण गोठ्याच्या दारात उभ्या पशुवैद्याला दोन्ही रोग सारखेच दिसतात आणि शवविच्छेदनातही भेद करणे अवघड जाते. भेद करते ती प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेला भेद करता येतो तो तिच्याकडे नमुना आला आणि तिने नेमक्या त्या विषाणूचा शोध घेतला तरच.

हा रोग १९५७ मध्ये लिस्बनला पोहोचला आणि १९६०पासून पुढे तीन दशकांहून अधिक काळ इबेरियन द्वीपकल्पात ठाण मांडून बसला. स्पेनने १९८५ मध्ये हाती घेतलेल्या निर्मूलन मोहिमेत रक्तजल तपासणीला मध्यवर्ती स्थान होते. तेथे तोवर बरीच डुकरे रोगातून वाचून वाहक बनत होती आणि वाचलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे राहतात. त्यामुळे लाल बुचाची नळी उपयोगी पडली. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांनी फार्मागणिक रक्त घेतले, वाहक शोधून काढले आणि १९९५पर्यंत देश रोगमुक्त केला. आसामात २०२० मध्ये हीच युक्ती चालली नसती. भारतात शिरलेला जनुकप्रकार दोन हा इतका जहाल आहे की प्रतिपिंडे तयार होण्याआधीच बहुतेक जनावरे मरतात. तेथे रक्तजल तपासून ‘नाही’ असे उत्तर आले असते आणि त्या ‘नाही’वर विसंबणे घातक ठरले असते.

डुकराच्या रक्ताला वेगळाच प्रश्न विचारण्याची कल्पना जपानमध्ये रुजली. जपानी मेंदूज्वराचा विषाणू भातखाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत पसरतो. पाणपक्षी त्याचे नैसर्गिक आश्रयस्थान आणि डुक्कर हे त्याची भरभराट करणारे जनावर. डुकराला सहसा काही होत नाही (गाभण मादीची पिल्ले मृत जन्मतात हा अपवाद), पण काही दिवस त्याच्या रक्तात विषाणू इतका वाढतो की चावणारा डास तो घेऊन माणसाकडे जातो. जपानने १९६५पासून दर उन्हाळ्यात कत्तलखान्यांत येणाऱ्या डुकरांचे रक्त तपासण्याची देशव्यापी पद्धत सुरू केली. यातील चातुर्य वयात आहे. कत्तलीला येणारे डुकर साधारण सहा महिन्यांचे असते. त्याने मागला उन्हाळा पाहिलेलाच नसतो. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली तर विषाणू याच वर्षी, याच भागात फिरू लागला आहे असे समजायचे आणि लसीकरणाचा व डासांचा इशारा द्यायचा. डुक्कर येथे रोगी राहिले नाही, पहारेकरी झाले. शिवाय रक्त कत्तलखान्यात आयतेच मिळते. फास नको, किंकाळ्या नकोत, मालकाची नाराजी नको.

भारतात जपानी मेंदूज्वराचे पहिले मानवी रुग्ण १९५५ मध्ये वेल्लोरच्या परिसरात आढळले. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, पुढील दशकांत या विषाणूचा डास, बगळे आणि डुकरे यांतील प्रवास अभ्यासला. १९७३ मध्ये पश्चिम बंगालमधील बांकुडा येथे मोठी साथ आली. २००५ मध्ये गोरखपूर परिसरात हजाराहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतांश मुले होती. त्यानंतर मुलांच्या लसीकरणाची मोहीम झाली, आणि डुकरे वस्तीपासून दूर ठेवा असेही सांगितले गेले. ज्यांच्या घराला स्वतःचे अंगण नाही अशा भूमिहीन माणसाने डुकरे दूर म्हणजे कोठे ठेवायची, हे मात्र कोणी सांगितले नाही. शास्त्रीय ज्ञान पुरेसे होते. पण जपानसारखी कत्तलखान्यांची शिस्तबद्ध साखळी येथे नव्हती. डुक्कर गावच्या बाजारात विकले जाते आणि झाडाखाली कापले जाते. पहारेकरी होता, पण त्याची साक्ष नोंदवण्याची जागा नव्हती.

याच मेंदूज्वराच्या ज्ञानाने १९९८ मध्ये मलेशियात घात केला. सप्टेंबर महिन्यात पेराक राज्यातील किंता भागात डुकरांच्या फार्मवर काम करणारी माणसे तापाने बेशुद्ध पडू लागली. काही रुग्णांच्या नमुन्यांत जपानी मेंदूज्वराची लक्षणे दाखवणारी प्रतिपिंडे मिळाली, आणि डुकरे, डास, मेंदूज्वर हे सूत्र तर पाठच होते. शासनाने धुरळणी केली, हजारो लोकांना लस टोचली. माणसे मरतच राहिली. ज्यांना नीट पाहायचे होते त्यांना विसंगती दिसत होती. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने मुलांना होतो. येथे प्रौढ पुरुष मरत होते. डास घराघरांत चावतो. येथे डुकरांना हात लावणारेच आजारी पडत होते, आणि शेजारच्या मलय मुस्लिम वस्त्या जवळजवळ अस्पर्श होत्या. शिवाय या वेळी डुकरेही आजारी होती. ती भुंकल्यासारखी खोकत होती, धापा टाकत होती, मरत होती. जपानी मेंदूज्वरात मोठे डुकर असे वागत नाही. फार्मवरील मजुराला ठाऊक असलेली ही गोष्ट निदानाच्या कागदावर यायला महिने लागले.

दरम्यान भेदरलेल्या मालकांनी डुकरे स्वस्तात विकली आणि त्यांच्यासोबत विषाणू दक्षिणेस नेग्री सेंबिलान राज्यातील दाट वराहपालनाच्या पट्ट्यात पोहोचला. मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातील तरुण विषाणुतज्ज्ञ चुआ कॉ बिंग यांनी रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेला विषाणू अमेरिकेतील प्रयोगशाळेत नेला. तो नवा निघाला. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात घोड्यांत सापडलेल्या हेंड्रा विषाणूचा चुलत भाऊ. ज्या गावच्या रुग्णापासून तो मिळाला त्या सुंगाई निपाह गावावरून त्याला निपाह म्हणू लागले. मलेशियात २६५ जणांना मेंदूज्वर झाला आणि १०५ जण मरण पावले. सिंगापूरच्या कत्तलखान्यातील कामगारांपर्यंतही तो पोहोचला.

पुढे झाले ते दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात लष्कराच्या मदतीने बाधित पट्ट्यांतील सुमारे नऊ लाख डुकरे सरसकट मारण्यात आली. तेथे तपासणीला वेळ नव्हता. दुसऱ्या टप्प्यातला प्रश्न अधिक कठीण होता : उरलेल्या देशात विषाणू कोठे लपला आहे? प्रत्येक डुकराचे रक्त घेणे अशक्य. म्हणून २१ एप्रिल ते २० जुलै १९९९ या काळात ८८९ फार्म तपासले गेले. प्रत्येक ठिकाणी साधारण १५ माद्यांचे रक्त, आणि किमान तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. माद्याच का? मांसासाठी वाढवलेले डुकर सहा महिन्यांत जाते. पिल्ले देणारी मादी वर्षानुवर्षे फार्मवर राहते आणि येऊन गेलेल्या रोगाची खूण तिच्या रक्तात टिकते. दोनदा का? पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी शिरलेला विषाणू त्या फेरीत दिसणार नाही. एक नमुना होकारार्थी आल्याबरोबर कळप मारला जात नसे. तीन किंवा अधिक आले तरच फार्म बाधित धरला जाई, कारण एलायझा चाचणी अधूनमधून खोटा होकार देते आणि एका खोट्या होकारासाठी हजारो जनावरांचा कळप मारणे हा अन्याय झाला असता. शेवटी ५० फार्म बाधित निघाले आणि आणखी सुमारे पावणेदोन लाख डुकरे मारली गेली. पहिल्या टप्प्यातील नऊ लाखांशी हा आकडा ताडून पाहिला की, सुई आणि नळी यांनी किती जनावरे वाचवली आणि किती माणसांचा संसार वाचवला, हे ध्यानात येते. तरी देशातील वराहपालन फार्मची संख्या निम्म्याहून कमी उरली.

पंधरा या संख्येमागे साधे संभाव्यतेचे गणित आहे. कळपात पाचांतील एक डुक्कर बाधित असेल, तर यदृच्छेने निवडलेल्या १५ नमुन्यांत एकही बाधित न येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी राहते. निपाहसारखा विषाणू बंदिस्त कळपात पाचांतील एकावर थांबत नाही, त्यामुळे तीन होकारांची अटही सहज पुरी होते. रोग विरळ असेल तर संख्या वाढते : मोठ्या कळपात पाच टक्के बाधा पकडायची आणि ९५ टक्के खात्री हवी, तर ५९ नमुने, एक टक्का बाधा असेल तर २९९. ऑस्ट्रेलियातील कॅनन आणि रो यांनी १९८२ मध्ये पशुवैद्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेने ही कोष्टके जगभर पोहोचवली.

या गणितात ‘यदृच्छेने’ हा शब्द सर्वांत महाग आहे, आणि त्याचे महत्त्व भारताला पशुवैद्यकाच्या आधी शेतीने शिकवले. साताऱ्याजवळच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत असताना पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नजरेच्या आणेवारीवरून काढण्याऐवजी यदृच्छेने निवडलेल्या शेतांतील प्रत्यक्ष कापणीवरून काढण्याची पद्धत रुजवली. भूखंड किती मोठा घ्यावा यावरून त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद झाला तो संख्याशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. डुकरांशी या वादाचा संबंध नाही. पण दोष तोच आहे. पशुवैद्य डांबरी रस्त्यालगतच्या वाड्यात जातो, दाराजवळ आलेले, पकडायला सोपे डुक्कर धरतो. आजारी डुक्कर कोपऱ्यात पडलेले असते. त्याच्यावर नजर जात नाही, किंवा मालक ती जाऊ देत नाही.

ईशान्य भारतात हे कोष्टक आणखी अडते. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख ६० हजार डुकरे होती, आधीच्या गणनेपेक्षा १२ टक्के कमी. त्यांपैकी एकट्या आसामात सुमारे २१ लाख. ही डुकरे हजारांच्या फार्मवर नाहीत, घरामागे दोन-तीनच्या संख्येने आहेत. तीन डुकरांच्या कळपात ५९ नमुने घ्यायचे कोठून? तेथे कळप म्हणजे अख्खे गाव धरावे लागते. शेतातील पाणी, बाजार, नर डुक्कर आणि हॉटेलातील खरकटे जेथवर एकच आहे तेथवर कळपही एकच. सर्वेक्षणाची आखणी या हिशेबाने करायची तर पशुवैद्याला गावातील नातीगोती आणि बाजाराचे वार ठाऊक असावे लागतात. ते कोष्टकात नसते.

भोपाळची प्रयोगशाळा या शतकाच्या आरंभी कामाला लागली. महाराष्ट्राला तिचे नाव प्रथम कळले ते फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचे तिने सांगितले तेव्हा. २०१३ मध्ये मिझोराममध्ये डुकरांत प्रजनन व श्वसनाचा नवा विषाणुजन्य रोग आला, त्याचेही निदान तेथेच झाले. म्यानमारच्या सीमेवरून डुकरांचे रोग येतात ही सूचना तेव्हाच मिळाली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर चीनमध्ये आढळला, २०१९ मध्ये व्हिएतनाम व म्यानमारमध्ये. तो भारतात येणार हे उघड होते. केव्हा, एवढेच अनिश्चित होते. आणि योगायोग असा की फेब्रुवारी २०२० मध्ये पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनातून केलेली क्लासिकल स्वाइन फीवरची नवी लस समारंभपूर्वक सादर केली. १९६४पासून ही लस सशांना मारून बनवली जाई, म्हणून ते मोठेच पाऊल होते. पण त्याच सुमारास आसाम-अरुणाचलात मरू लागलेल्या डुकरांवर तिचा काही उपयोग नव्हता. ईशान्येत क्लासिकल स्वाइन फीवर इतका नेहमीचा आहे की तापाने डुक्कर मेले तर पहिला संशय त्याच्यावरच जातो. पशुवैद्याचा हा निष्काळजीपणा नव्हे. सॅल्मन आणि मलेशियातील डॉक्टर ज्या वाटेने गेले त्याच वाटेने अनुभवी मन जाते.

निदान झाल्यावर पुढचा पेच आला. राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आत डुकरे मारायची आणि दहा किलोमीटरपर्यंत नमुने घेत राहायचे. या रोगावर औषध नाही आणि भारतात वापरात असलेली लसही नाही. माणसाला तो होत नाही. आसाम सरकारने आरंभी सरसकट मारण्याचे टाळले. सप्टेंबर २०२० मध्ये, सुमारे अठरा हजार डुकरे दगावल्यानंतर, बाधित भागांतील बारा हजार डुकरे नुकसानभरपाई देऊन मारण्याचा निर्णय झाला. दरम्यान मेलेली डुकरे ब्रह्मपुत्रेच्या पात्रातून वाहत येत होती, आणि काझीरंगातील रानडुकरांना वाचवण्यासाठी आगराटोली भागात सुमारे दोन किलोमीटर लांबीचा चर खणावा लागला.

नदीत सोडलेले डुक्कर हे न घेतलेल्या नमुन्याचेच दुसरे रूप आहे. ईशान्येतील कुटुंबात डुक्कर म्हणजे अडीअडचणीला मोडायचा दागिना. शाळेची फी, बाळंतपण, लग्न त्यावर निघते. नमुना द्यावा, तो होकारार्थी यावा, मग उरलेली दोन निरोगी डुकरेही डोळ्यांदेखत मारली जावीत आणि भरपाई कधी मिळेल ठाऊक नसावे, अशा व्यवहारात माणूस पशुवैद्याला बोलावण्याऐवजी रात्रीतून डुक्कर कापून विकतो. त्या मांसासोबत विषाणू पुढच्या गावात जातो. थंडीत किंवा गोठवलेल्या मांसात तो महिनोन्‌महिने टिकतो. भरपाईचा निम्मा भार केंद्र व निम्मा राज्य उचलते. ती रक्कम किती आणि किती दिवसांत मिळते हा हिशेबखात्याचा विषय समजला जातो. वस्तुतः तो पाळतीचा विषय आहे, कारण पुढला नमुना मिळणार की नाही हे त्यावर ठरते. मिझोराममध्ये २०२१ मध्ये तीस हजारांहून अधिक डुकरे मेली. जुलै २०२२ मध्ये रोग केरळात वायनाड जिल्ह्यातील मानंतवाडीत निघाला. ईशान्येपासून इतक्या दूर तो डुक्कर चालत गेल्याने पोहोचत नाही.

नमुना घेण्याच्या रीतीही बदलत आहेत. अमेरिकेतील आयोवात गेल्या दोन दशकांत एक साधी पद्धत प्रचारात आली : कळपात सुती दोरखंड टांगायचा, कुतूहलाने डुकरे तो चघळतात, मग दोर पिळून लाळ काढायची आणि वीस-पंचवीस जनावरांची तपासणी एका नळीत करायची. फास नाही, सुई नाही. मोठ्या फार्मवर ती उत्तम चालते. ताप चढून आडवे पडलेले डुक्कर मात्र दोराकडे येत नाही. दोन-तीन डुकरांच्या घरात दोरापेक्षा मेलेल्या जनावराचा वेळेवर घेतलेला एक नमुना अधिक सांगतो, आणि तोही शव न फाडता घ्यावा लागतो. या रोगात रक्तात विषाणू इतका दाटलेला असतो की अंगणात केलेले शवविच्छेदन स्वतःच साथीचे उगमस्थान ठरते. म्हणून शिरेतील रक्ताचा थेंब किंवा कानाचा तुकडा, नीट बांधून, बर्फात.

आसामच्या मानस परिसरातील गवताळ पट्ट्यांत पिग्मी हॉग राहतो, जेमतेम फूटभर उंचीचा, जगातील सर्वांत लहान वराह. १९९६पासून त्याचे बंदिस्त प्रजनन केले जात आहे, पुढे त्याची पिल्ले पुन्हा रानात सोडली जाऊ लागली आणि जगात उरलेले सारे पिग्मी हॉग काही शेकड्यांत मोजता येतील इतके आहेत. आफ्रिकन स्वाइन फीवर या प्रजातीत शिरला तर नमुने घेण्याजोगे फारसे काही उरणार नाही. त्यामुळे तिच्यावरील पाळत तिच्या अंगावर ठेवता येत नाही. ती भोवतालच्या गावांत, घरामागच्या दोन-तीन डुकरांवर ठेवावी लागते, आणि त्यांतले एक मेले की मालकाने फोन करावा यावर ती अवलंबून असते.